खिशातला पहिला चाकू कसा निवडावा

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घडीचा चाकू शेतकऱ्याच्या, सुताराच्या, खलाशाच्या खिशात असायचाच. इंग्लंडात शेफील्ड, जर्मनीत सोलिंगेन, फ्रान्समध्ये थिएर, जपानात मिकी ही गावं याच धंद्यावर वाढली. युरोपातले कारकून पिसाची लेखणी तासायला छोटा चाकू बाळगत, आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्यांना बोरू तासायला तो लागायचा. पुढे टाक आला, फाउंटन पेन आलं आणि चाकूचं ते एक काम गेलं. बाकीची कामं मात्र आजही तशीच आहेत. दिवसातून चार वेळा काहीतरी कापायची वेळ येतेच, आणि तेव्हा आपण किल्लीने टेप फाडतो नाहीतर दाताने दोरा तोडतो.

हा लेख अशा वाचकासाठी आहे ज्याने कधी खिशात चाकू बाळगलेला नाही आणि पहिला घ्यायचा विचार करतोय. पारंपरिक म्हणजे कोणता, तेही सांगतो: नखाने किंवा चिमटीत धरून दोन्ही हातांनी उघडायचा, पातळ पात्याचा, मुठीला लाकूड, हाड, शिंग किंवा साधा धातू असलेला. अंगठ्याच्या झटक्याने उघडणारे, काळ्या पात्याचे, खिशाला क्लिपने लटकणारे आधुनिक चाकू हा वेगळा विषय आहे. त्यांच्या वाटेला मी इथे जात नाही.

माझं मत आधीच मांडतो. शहरात किंवा गावात रोज वापरायला सहा-सात सेंटिमीटरचं, पातळ, लॉक (उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी खीळ) नसलेलं पातं भरपूर झालं. त्याहून मोठ्या, जाड, महागड्या चाकूवर जे पैसे जातील, त्यातले थोडे धार लावायच्या दगडावर घाला. बोथट झालेला महागडा चाकू पेरू कापताना तो चेपतो आणि घसरून बोटावर येतो. रोज धार राखलेला स्वस्त चाकू तोच पेरू सरळ कापतो.

पायरी १: आठवडाभर काय कापता ते टिपून ठेवा

चाकू बघायला लागण्याआधी हे करा. फोनमध्ये एक टिपण उघडा आणि "आत्ता चाकू हवा होता" असं वाटेल तेव्हा तेव्हा एक ओळ लिहा.

शहरात राहणाऱ्याची यादी साधारण अशी निघते: पार्सलची टेप, सुतळी, दुधाच्या पिशवीचा कोपरा, शर्टाच्या बटणाचा सुटलेला दोरा, डब्यातलं सफरचंद, मुलाची पेन्सिल, हाराचा दोरा, फरसाणाचं न फाटणारं पाकीट. यातल्या एकाही कामाला बोटभर लांबीपेक्षा जास्त पातं लागत नाही. निम्म्या कामांना तर छोटी कात्रीच बरी पडते.

ट्रेकला जाणाऱ्याच्या यादीत काकडी, कांदा, टोमॅटो आणि लिंबू येतं. गडावर भेळ करायची तर कापाकापी बरीच होते. तिथे पातं थोडं लांब हवं आणि मूठ भरून हातात यायला हवी, म्हणजे दहा जणांचा कांदा चिरून हात दुखत नाही.

शेतात काम करणाऱ्याची यादी सगळ्यात वेगळी. खताच्या गोणीची शिवण, ठिबकची नळी, बांधणीची सुतळी, फांदीचा छोटा फाटा. इथे चाकूला माती लागते, पाणी लागतं आणि तो हरवतो. त्यामुळे दिसायला देखणा नसला तरी चालेल, पुसून लगेच साफ होणारा हवा. कोकणात आंब्याची कलमं बांधणाऱ्यांसाठी एक सूचना: कलमाचा चाकू वेगळाच ठेवा. त्याच्या पात्याला बहुतेक वेळा एकाच बाजूने धार असते, म्हणून काप सपाट येतो आणि डोळकाडी (जोडायची फांदी) नीट बसते. त्याने टेप कापायला लागलात तर आठवड्यात तो कलमाच्या कामाचा राहत नाही.

पायरी २: पैशाआधी कायदा

भारतात शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. आपण ज्या चाकूबद्दल बोलतोय त्याचं पातं या मापाच्या एक तृतीयांशही नसतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. सणासुदीला, निवडणुकीत, तणावाच्या दिवसांत असे आदेश निघतात. त्या कलमात तलवारी, भाले, सोटे, लाठ्या यांच्याबरोबर चाकूचाही उल्लेख आहे आणि पात्याची लांबी दिलेली नाही. आदेश लागू असताना चाकू घरी ठेवा. वर्तमानपत्रात आणि पोलिसांच्या अधिकृत खात्यांवर या आदेशांची माहिती येते.

खटक्याचा, म्हणजे बटण दाबताच उघडणारा चाकू पहिल्या खरेदीत नकोच. रामपुरी हा उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचा चाकू. त्यामागचं कसब खरं आहे, पण हिंदी सिनेमाने त्याला जी ओळख दिली ती पुसली जाणार नाही. तो खिशात सापडला तर "मी याने आंबा कापतो" हे कुणाला पटणार नाही. लाल रंगाचा छोटा स्विस चाकू किंवा लाकडी मुठीचा चाकू पाहून समोरचा माणूस दचकत नाही, आणि रोज चारचौघांत वापरायच्या वस्तूच्या बाबतीत याला फार किंमत आहे.

विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, चेक-इन बॅगेत ठेवा. मेट्रो, न्यायालय, मोठी देवस्थानं, मॉल, मैदानं इथे सुरक्षा तपासणी असते. जायच्या आधी खिसा तपासायची सवय लावून घ्या. दारावर काढून घेतलेला चाकू परत मिळेलच असं नाही.

परदेशात असाल तर तिथले नियम वेगळे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टप्रमाणे ३ इंचांपर्यंत (७.६२ सेंमी) धारेचा, घडीचा आणि लॉक नसलेला चाकू कारण न देता बाळगता येतो. लॉक असलेला चाकू मात्र, पातं कितीही छोटं असलं तरी, या सवलतीत बसत नाही. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूंवर बंधनं आहेत. अमेरिकेत राज्याप्रमाणे आणि काही ठिकाणी शहराप्रमाणेही नियम बदलतात. लॉक नसलेला छोटा पारंपरिक चाकू घेण्यामागे हेही एक कारण आहे: सीमा ओलांडल्यावर बदलायची वेळ कमी येते.

पायरी ३: उघडझाप कशी होते ते समजून घ्या

नवीन माणूस पोलादाची चौकशी आधी करतो आणि चाकू उघडतो कसा याकडे नंतर बघतो. रोजच्या वापरात फरक पडतो तो या दुसऱ्या गोष्टीने, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला प्रकार स्लिपजॉइंटचा. मुठीच्या पाठीत पोलादाची एक लांब पट्टी स्प्रिंगसारखी बसवलेली असते. पात्याच्या बुडाला एक सपाट कड उघड्या स्थितीसाठी आणि एक मिटलेल्या स्थितीसाठी घासलेली असते. पट्टी त्या कडेवर दाबून बसते आणि पातं जागेवर राहतं. लॉक नसतो, फक्त दाब असतो. उलटा जोर लावला की पातं मिटतं. म्हणूनच टोचायची, उचकटायची कामं याने करायची नाहीत, ओढून कापायचं. काही चाकूंत पातं अर्धं उघडल्यावर काटकोनात मध्येच थांबतं. मिटताना बोटं बाजूला घ्यायला तेवढा वेळ मिळतो, नवशिक्याला याचा खरंच उपयोग होतो. चांगला स्लिपजॉइंट उघडताना "टक" असा स्वच्छ आवाज येतो आणि पातं शेवटचा थोडा प्रवास स्वतःच करतं.

स्विस आर्मी चाकूही याच पद्धतीने चालतात. अपवाद काही मोठ्या मालिकांचा, उदाहरणार्थ १११ मिलिमीटरची, त्यात मुख्य पात्याला लॉक असतो.

दुसरा प्रकार नुसत्या घर्षणावर चालतो. ना स्प्रिंग, ना लॉक. जपानचा हिगोनोकामी असा आहे. पितळेचा किंवा लोखंडी पत्रा दुमडून मूठ केलेली, आणि पात्याच्या मागे बाहेर आलेली एक शेपटी. त्या शेपटीवर अंगठा दाबला की पातं उघडतं. कापतानाही अंगठा तिथेच ठेवायचा, म्हणजे पातं मिटत नाही. यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. सैल झाला तर रिव्हेटवर (पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्यावर) हलका हातोडा मारला की पुन्हा घट्ट. एके काळी जपानी शाळकरी मुलं पेन्सिल तासायला हाच चाकू वापरत. १९६० साली टोक्योत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत एका तरुणाने छोट्या तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हातून चाकू काढून घ्यायची मोहीम देशभर चालली आणि हिगोनोकामीचा धंदा कोसळला. आज मिकीतला नागाओ कानेकोमा हा कारखाना ते नाव टिकवून आहे.

तिसरा प्रकार फ्रान्सच्या ओपिनेलचा. सव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये हा चाकू बनवला. बीच लाकडाची गोल मूठ, तिला चीर, चिरेत पातं, आणि तोंडाशी धातूचं कडं. हे फिरतं कडं १९५५ साली मार्सेल ओपिनेलने आणलं. पातं उघडून कडं फिरवलं की पातं अडकतं. मापं क्रमांकाने ओळखतात, २ ते ५ क्रमांकांना फिरतं कडं नसतं, ६ पासून पुढे असतं. म्हणजे ब्रिटनमध्ये राहणाऱ्याने ५ क्रमांकापर्यंतच थांबावं.

पायरी ४: माप आणि पातं

पातं सहा ते सात सेंटिमीटर, मिटलेली लांबी आठ ते दहा सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या खाली. झब्ब्याच्या खिशात जड चाकू लोंबतो आणि मग तो घरीच राहतो. जीन्सच्या खिशात किल्ल्यांबरोबर ठेवलात तर मुठीवर ओरखडे उठतात. चामड्याची छोटी पाकिटी शिवून घ्या, चपला शिवणारा कारागीरही ती नीट करून देतो.

आकारांची नावं ढीगभर आहेत, सुरुवातीला तीन कळली तरी पुरे. मध्यभागी टोक असलेलं भाल्यासारखं पातं सगळ्या कामांना चालतं. टोकाकडे पाठ खोलगट उतरलेलं पातं बारीक कामाला, फळाचा डाग काढायला बरं. आणि धार अगदी सरळ, टोक खाली उतरलेलं पातं टेप, दोरी, पुठ्ठा कापायला उत्तम, शिवाय ते चुकून कशात घुसत नाही. पहिला चाकू एका पात्याचाच घ्या. अमेरिकेतल्या पशुपालकांसाठी बनलेल्या तीन पात्यांच्या स्टॉकमन चाकूत वरचे तिन्ही हेतू थोडेफार साधतात (तिसरं पातं मूळचं जनावरं खच्ची करायचं), पण तीन पाती म्हणजे तीन धारा सांभाळणं आलं.

लांबीपेक्षा जाडीकडे लक्ष द्या. धारेच्या अगदी मागे पातं किती पातळ आहे, त्यावर सफरचंद कापलं जातं की फाकतं ते ठरतं. ओपिनेल इतका सुरेख का कापतो याचं उत्तर या पातळपणात आहे.

पायरी ५: पोलाद, आणि आपला पावसाळा

दोन गट आहेत: गंजणारं कार्बन पोलाद आणि सहसा न गंजणारं स्टेनलेस. साधं कार्बन पोलाद दगडावर पटकन लागतं आणि धार फार बारीक येते. कापता कापता त्यावर निळसर-करडा थर चढतो, तो डाग नव्हे. तो थर तांबड्या गंजाला थोडा अटकाव करतो, म्हणून घासून काढू नका.

पण कार्बनच्या पात्याने कैरी कापून बघा. फोडीच्या कडा काळपट होतात आणि चवीला लोखंड लागतं. लिंबू, कांदा, कोकम यांचंही तेच. त्यात जून ते सप्टेंबरची कोकण-मुंबईची हवा. रात्री ओलसर खिशात राहिलेल्या पात्यावर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. पुण्या-नाशकात त्रास कमी, विदर्भात उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. किनाऱ्याजवळ राहत असाल किंवा चाकूने मुख्यतः फळं कापणार असाल तर स्टेनलेस घ्या. धार लावायची आवड असेल, वापरल्यावर लगेच पुसायची शिस्त असेल तर कार्बन घ्या, मजा येईल. ओपिनेल दोन्ही पोलादांत मिळतो, पात्यावर ठशात "इनॉक्स" असेल तो स्टेनलेस. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस आर्मी चाकू बनवणारी कंपनी, तिचं पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेलं नसतं. धार लवकर उतरते, पण घरच्या चिनी मातीच्या कपाच्या बुडावर घासूनही परत येते. नवशिक्याला हा सौदा चांगला. फार कडक, महागड्या पोलादाचा चाकू पहिल्यांदा घेऊ नका, त्याला धार लावताना हात टेकाल.

पायरी ६: मूठ

लाकूड हाताला ऊबदार लागतं पण पाणी पितं. जुलैत ओपिनेलची मूठ फुगते आणि पातं चिरेत इतकं घट्ट बसतं की नखाने निघत नाही. सव्हॉयमधले लोक यावर जे करतात तेच करा: कडं मोकळ्या स्थितीत ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकं आपटा, पातं थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरा. कायमचा उपाय म्हणजे उन्हाळ्यात चाकू पूर्ण कोरडा असताना मुठीला जवसाचं तेल चोळणं. दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर फडक्याने पुसून एक-दोन दिवस वाळू द्या. सांध्यात हे तेल जाऊ देऊ नका, ते वाळून चिकट होतं. आणि जवसाच्या तेलात भिजलेलं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतं. उघडं पसरून वाळवा.

म्हशीच्या शिंगाची किंवा हाडाची मूठ सुंदर दिसते, फक्त उन्हात गाडीत ठेवली तर तडकू शकते. सांबरशिंग आणि हस्तिदंताच्या वाटेला जाऊ नका. जुन्या शेफील्ड चाकूंवर सांबरशिंग सर्रास दिसतं, पण भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे त्याचा व्यापार करता येत नाही. जुन्या बाजारात कुणी "आजोबांच्या वेळचा आहे" म्हणून पुढे केला तरी नको म्हणा.

पावसात, शेतात, ट्रेकला ॲल्युमिनियमच्या मुठीइतकं बिनघोर काही नाही.

पायरी ७: मग कोणता घ्यायचा?

बहुतेकांना मी व्हिक्टोरिनॉक्सचा ८४ किंवा ९३ मिलिमीटरचा, खडबडीत ॲल्युमिनियम मुठीचा चाकू सुचवतो. ८४ चा कॅडेट हलका आणि चपटा आहे, ९३ चा पायोनियर दणकट, त्यात टोचाही असतो. हे आकडे मिटलेल्या चाकूच्या लांबीचे. कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये स्वित्झर्लंडच्या इबाखमध्ये कारखाना काढला, १८९१ पासून सैन्याला चाकू पुरवले, आणि १८९७ मध्ये तो प्रसिद्ध अधिकाऱ्यांचा चाकू नोंदवला. भारतात तो सहज मिळतो, म्हणून नकलाही तितक्याच. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, आणि मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचा ठसा स्वच्छ उमटलाय का ते बघा.

ज्याच्या यादीत टेप, दोरा आणि नखं एवढंच आहे त्याने ५८ मिलिमीटरचा क्लासिक घ्यावा. किल्ल्यांना लावता येतो आणि त्यातली कात्री पात्यापेक्षा जास्त वापरली जाते.

ज्याला खाण्याचं कापायचंय, त्याला ओपिनेल. ६ क्रमांक खिशासाठी. ८ क्रमांकाचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, तो ट्रेकच्या पिशवीत. त्याच कंपनीचा लहान मुलांसाठी गोल टोकाचा ७ क्रमांकाचा चाकूही येतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला शेजारी बसवून काकडी कापायला शिकवायची असेल तर तो घ्या.

हिगोनोकामी धार लावायला शिकण्यासाठी नामी आहे. त्याच्या पात्याचा उतार रुंद आणि सपाट असतो, तो दगडावर टेकवला की कोन आपोआप मिळतो. फक्त पितळ हाताला वास सोडतं आणि घामाने काळं पडतं.

लायोल हे फ्रान्सच्या आवेरों भागातलं गाव. त्या गावाच्या नावाचा, पाठीवर मधमाशी कोरलेला चाकू देखणा असतो. पण ते नाव वर्षानुवर्षं कुणीही कुठेही छापत आलंय, त्यामुळे स्वस्त "लायोल" घेणं म्हणजे नुसत्या नावाला पैसे देणं. खरा महाग असतो, आणि तो पहिला चाकू नव्हे.

आणि आपल्याकडचे कारागीर? कच्छमधलं रेहा गाव चाकू आणि अडकित्त्यांसाठी ओळखलं जातं. तिकडे जाणं झालं तर हातात घेऊन, उघडझाप करून, पारखून घ्या. एकाच्या हातचा दुसऱ्यासारखा नसतो, म्हणून फोटोवरून मागवू नका.

पायरी ८: दुकानात हातात घेतल्यावर

सावकाश उघडा. नख खाचेत धरावं लागेल पण तुटू नये इतपतच ताण हवा. पूर्ण उघडल्यावर पात्याची पाठ चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा, मग वर-खाली. डावी-उजवीकडे केसभर हालचाल चालेल, वर-खाली चालणार नाही.

मिटवा आणि मुठीच्या फटीतून वरून बघा. पातं मधोमध बसलंय का? एका बाजूच्या पत्र्याला घासत असेल तर रोज धारेवर रेघ उठेल. मिटलेल्या पात्याचं टोक कुठेही बाहेर डोकावता कामा नये. मुठीच्या कडेवरून अंगठा फिरवा, खिशात हात घातल्यावर टोक लागलं तर तो चाकू नको.

आता तो उजेडाकडे धरा. पाठीची पट्टी आणि बाजूचे पत्रे यांच्यामधून उजेड दिसला तर जोडणी सैल आहे. पातं बंद होताना हात सोडून "खट्" करून आपटू देऊ नका, काही चाकूंत धार आतल्या पट्टीवर आदळून तिथे दाता पडतो. विक्रेता तसं करून दाखवत असेल तर थांबवा, आणि दुसरा नग मागा.

पायरी ९: घरी आणल्यावर

उघडताना चाकू डाव्या हातात, उजव्या अंगठ्याचं नख खाचेत. मिटताना मूठ तळहातावर ठेवा, बोटं फटीच्या बाहेर आडवी, आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने पात्याची पाठ दाबत आणा. टीव्ही बघताना पंधरा-वीस वेळा करा, हाताला सवय होते. कुणाला देताना मिटूनच द्या.

सांध्यात एक थेंब तेल. खायचं कापत असाल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन घ्या, शिलाई मशीनचं तेल खाण्यात जायला नको. मोहरीचं किंवा शेंगदाण्याचं तेल काही दिवसांत चिकट होतं. वापरल्यावर पातं पुसा, कैरी-लिंबू कापलं असेल तर धुवून कोरडं करा. लाकडी मूठ पाण्यात बुडवून ठेवू नका, भांड्यांच्या मशीनमध्ये तर अजिबात घालू नका.

आता धार. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला विळीला, कोयत्याला उत्तम. खिशातलं छोटं पातं मात्र त्याच्याकडे देऊ नका. फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते, निळी पडली की तिथलं पोलाद मऊ झालं समजा, आणि दोन वेळांत पातं निम्मं झिजतं. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचे कण किती बारीक त्याचा आकडा) एक दगड घ्या, पाण्यात भिजवा, ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही.

कोन किती, यावर लोक अडतात. पातं साधारण १२ मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून साडेतीन मिलिमीटर उचलली की सतराएक अंशांचा कोन होतो. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढी उंची मिळते. नाण्यांवर पाठ टेकवून कोन डोळ्यांनी आणि मनगटाने पकडा, मग नाणी काढा आणि तोच कोन धरून बुडापासून टोकापर्यंत धार दगडावर पुढे न्या. जोर अगदी कमी, हाताचं वजन पुरे. एका बाजूने असं करत राहा, आणि मधूनमधून दुसऱ्या बाजूवर अंगठा धारेच्या आडवा, पाठीकडून बाहेर फिरवा. धारेच्या पूर्ण लांबीवर बारीक खरखर लागली की त्या बाजूचं काम झालं. ही खरखर येण्याआधी बाजू बदलणं हेच धार न येण्याचं नेहमीचं कारण. दुसरी बाजूही तशीच करा, शेवटी दोन्हीकडून आळीपाळीने पाच-सहा हलके हात द्या, आणि जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पातं पाठ पुढे ठेवून ओढा. पिकलेल्या टोमॅटोवर धार टेकवून न दाबता ओढून बघा. साल लगेच कापली गेली पाहिजे.

दगड नसेल तर चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाशी जे बिनचकाकीचं खडबडीत वर्तुळ असतं, त्यावर आठवड्यातून एकदा प्रत्येक बाजूचे सात-आठ हात दिले तरी स्विस चाकू कामात राहतो.

पॅकिंगचा पुठ्ठा धार सगळ्यात लवकर खातो. नवीन फ्रिज किंवा कपाट घरी आलं तर तो खोका फाडायला दुकानातला पाती बदलायचा कटर वापरा. स्क्रू फिरवायला, डब्याचं झाकण उचकटायला, वायर सोलायला पातं वापरू नका, टोक मोडलं तर पुन्हा आकार द्यायला कानस आणि बराच वेळ लागतो. पावसाळ्यात चाकू काही दिवस वापरणार नसाल तर पातं तेलाने पुसून, चामड्याच्या पाकिटीतून काढून ठेवा. चामडं ओल धरून ठेवतं आणि आतल्या आत गंज चढतो.